तीन वाट्या तेल

डिपस्टिक ओढली, फडक्याने पुसली, परत आत घालून बाहेर काढली. टोकाला तेलाचा ठिपकासुद्धा नव्हता.

“सहाला तर लिटरभर घातलं होतं,” मी म्हणालो. कुणाला म्हणालो कोण जाणे.

जनरेटर स्वतःहून बंद पडला होता. तेलाचा दाब फार खाली गेला की इंजिन आपोआप थांबावं, अशी त्यात सोय असते. सकाळचे सव्वानऊ वाजले होते. भिंतीपलीकडे वॉर्डात सिस्टर पावसकर रबरी पिशवी हाताने दाबून एका मुलीला श्वास देत होत्या, आणि त्या मुलीचे वडील माझ्या पाठीशी उभे होते.

“भर ना, जयवंता. बघत काय बसलास?”

मी डबा उचलला. घाईत नरसाळं सरकलं, तापलेल्या इंजिनावर तेल सांडलं आणि खोलीभर धूर झाला. लिटरभर आत गेल्यावर खटका ओढला. इंजिन दोनदा खोकलं, थरथरलं आणि चालू झालं. भिंतीपलीकडून व्हेंटिलेटरची शिट्टी ऐकू आली, मग त्याचा तो संथ सुस्कारा. इब्राहिमचाचा भिंतीला टेकून खाली बसले.

पाचेक मिनिटांनी डॉक्टर मैथिली घाग बाहेर आल्या. वय तिशीच्या आत, पण त्या सकाळी चाळिशीच्या वाटत होत्या.

“नऊ मिनिटं लागली,” त्या म्हणाल्या. “ऑक्सिजन एकाहत्तरवर आला होता. जयवंत, हे परत होणार आहे का?”

मी सांडलेलं तेल फडक्याने पुसत राहिलो.

कोंडबंदरचं आमचं बारा खाटांचं हॉस्पिटल एक ट्रस्ट चालवायचा. मी तिथला वायरमन. दिवे, पंखे, पाण्याची मोटर आणि जनरेटर, सगळं माझ्याकडे. त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीला वादळ आलं आणि एका दुपारात गावाची अर्धी छपरं, सगळे विजेचे खांब आणि बंदरातल्या निम्म्या होड्या घेऊन गेलं. घाटातला रस्ता झाडं पडून बंद झाला. इब्राहिम होडेकर, म्हणजे आमचे इब्राहिमचाचा, बंदरातले होड्यांच्या इंजिनांचे जुने मिस्त्री. त्यांचंही छप्पर उडालं. बापलेक किनाऱ्यावरच्या त्यांच्या कामाच्या शेडमध्ये जमिनीवर झोपले, आणि बुधवारी पहाटे सफियाला मण्यार चावली.

सफिया वीस वर्षांची. बालवाडीत शिकवायची. उठली ती पोटात दुखतंय म्हणत. चावल्याचं तिला कळलंसुद्धा नव्हतं. तासाभरात पापण्या उघडेनात, मग गिळता येईना. चाचांनी तिला मासळीच्या हातगाडीवर घालून आणलं. दारात पोचेपर्यंत तिला उलटी झाली आणि त्यातली थोडी फुफ्फुसात गेली. मॅडमनी सापाच्या विषावरचं इंजेक्शन दिलं, घशात नळी घातली, व्हेंटिलेटर लावला. मग आम्हा सगळ्यांना खाटेशी बोलावून त्या मोठ्याने, तिलाही ऐकू जावं असं म्हणाल्या, “हिचे स्नायू झोपलेत. पापणीसुद्धा हलवता येत नाहीये हिला. पण ही जागी आहे. हिला सगळं ऐकू येतंय, सगळं कळतंय. दोन-तीन दिवस मशीनने श्वास मिळाला तर ही पूर्ण बरी होणार आहे. तेव्हा हिच्यासमोर कुणी रडायचं नाही.”

गुरुवारची ही सकाळ. मंगळवारी दुपारपासून जनरेटर सलग चालू होता. त्याला सवय दिवसाला तासाभराची. पहिल्या दिवशी सहा तासांना लिटरभर तेल लागलं. मग चार तासांना. आता तीन.

चाचा उठले. डोळे लाल होते, पण हात मिस्त्रीचे होते. त्यांना स्वस्थ बसवेना. बाहेर जाऊन त्यांनी धुराड्याच्या तोंडाशी तळहात धरला.

“निळा धूर नाय,” ते म्हणाले. “म्हणजे तेल जळत नाय.”

मग त्यांनी इंजिनाच्या कुशीतून निघालेल्या, आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या श्वासनळीसमोर हात नेला. त्या नळीतून गरम, पिवळसर धुकं येत होतं. त्यांनी बोटं चोळली, वास घेतला.

“हे तेल उडतंय, जयवंता. तापलं की वाफ होऊन निघून जातंय. असलं कसलं तेल घातलंस यात?”

“चांगलं आहे. सिंथेटिक आहे,” मी म्हणालो आणि डबा त्यांच्यासमोर धरला. डब्यावर तसं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं.

मॅडम दारातच होत्या. “जयवंत, तेल घेताना दोन कंपन्यांचे माहितीचे कागद मी तुम्हाला दिले होते ना? निवड तुम्हीच केलीत. त्यात असं काही होतं का? किती उडतं वगैरे?”

“आठवत नाही, मॅडम.”

मदत मागायला खाडीपलीकडे गेलेला माणूस निरोप घेऊन आला होता. रस्ता शुक्रवारी संध्याकाळी मोकळा होईल, तोवर ॲम्ब्युलन्स येणार नाही. म्हणजे बत्तीस तास. तीन तासांना एकदा इंजिन थांबवायचं म्हटलं तर दहा वेळा. चालत्या इंजिनात तेल ओतून पाहिलं होतं मी बुधवारी. आतल्या दाबाने ते उलटं उसळून पट्ट्यावर पडलं होतं, पट्टा जवळजवळ सुटला होता.

“दहा?” मॅडम म्हणाल्या. “फुफ्फुसं खराब झालीत तिची. हाताच्या पिशवीने नीट भरत नाहीत. आजच्यासारखं मी तुम्हाला अजून एकदा देऊ शकते. फार तर दोनदा.”

त्या आत गेल्या. चाचा माझ्याकडे बघत राहिले. माणूस समुद्राकडे बघतो, होडी दिसत नसताना, तसे.

“सगळं काढून टाकू,” ते शेवटी म्हणाले. “खालचं उडत राहणार, त्यावर चांगलं ओतून काय फायदा? सगळं काढायचं, दुसरं भरायचं. एकदाच थांबायचं.”

“भरणार काय?”

दोनच गोष्टी होत्या. चाचांच्या शेडमधून वाचलेलं होड्यांच्या इंजिनाचं साधं तेल, आठ लिटरचं एक पिंप. आणि किनाऱ्यावरच्या रिसॉर्टच्या मालकांनी, तेल हवंय हा आमचा निरोप ऐकून, पाठवलेले त्यांच्या मोटारीच्या तेलाचे दोन सीलबंद डबे, साडेतीन-साडेतीन लिटरचे. त्यावरही ‘सिंथेटिक’ असंच लिहिलेलं.

चाचांनी मोटारीच्या तेलाचे दोन थेंब बोटावर घेतले. “हे बघ, पाण्यासारखं पळतंय. पातळ तेल लवकर उडणार. माझं बघ कसं जड आहे. चाळीस वर्षं होड्या चालवल्यात त्यावर. माझं भरायचं.”

“पातळ म्हणजे उडणारं असं नसतं, चाचा. कशापासून बनवलंय त्यावर असतं ते.”

“मग तुझंही सिंथेटिकच होतं की.”

डब्यांवरचे शब्द सारखेच होते. आणि चूक केली तर दुसरी संधी नव्हती. एकदा भरलं की तेच.

“मोजू या,” मी म्हणालो.

“काय मोजू या?”

“कुठलं किती उडतं ते. कारखान्यात करतात ना, तसं. सारखं वजन घ्यायचं, अडीचशे डिग्रीला तासभर तापवायचं, परत वजन करायचं. जितकं कमी होईल तितकं उडालं.”

चाचांनी डोळे बारीक केले. “तुला एवढं कसं ठाऊक?”

“वाचलं होतं कुठेतरी.”

त्यांनी पुढे विचारलं नाही. विचारायला वेळ नव्हता. बाराच्या आत इंजिन परत कोरडं पडणार होतं आणि दहा वाजत आले होते.

पोतदारांच्या दुकानातून सोनं तोलायचा बॅटरीवरचा काटा आणला. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातून गॅसची शेगडी, लोखंडी परात आणि स्टीलच्या तीन सारख्या वाट्या. किनाऱ्यावरची वाळू परातीत पसरली, म्हणजे आच सगळीकडे सारखी लागेल. अडचण एकच होती, अडीचशे डिग्री ओळखायची कशी. ती चाचांनी सोडवली. डागकामाच्या पेटीतून त्यांनी शुद्ध कथलाचा तुकडा काढला.

“हे सव्वादोनशेच्या वर वितळतं. वाळूत ठेव. पाणी झालं की समज तिथे आलो. मग आच कमी करायची, पण हे परत गोठू द्यायचं नाय.”

प्रत्येक वाटीत चाळीस ग्रॅम तेल तोलून घेतलं. डावीकडे माझं, मध्ये चाचांचं, उजवीकडे मोटारीचं. मागच्या पडवीत आम्ही दोघं त्या परातीसमोर उकिडवे बसलो. इंजिनाचा आवाज कानात होता. तो जरा बदलला की दोघांच्याही माना एकदम वळायच्या.

दहा-बारा मिनिटांनी कथलाच्या कडा चकाकल्या आणि तो तुकडा एकाएकी गोल थेंब होऊन थरथरला. मी घड्याळ बघितलं. पुरा तास थांबणं परवडणारं नव्हतं. अर्धा तास ठरवला. तिन्हींना सारखीच आच, सारखाच वेळ, एवढं पुरे होतं.

तिन्ही वाट्यांतून वाफ निघू लागली. मधल्या वाटीतून सावकाश. उजवीकडच्या वाटीकडे वाकून बघावं लागत होतं, इतकी कमी. डावीकडची मात्र तव्यावर फोडणी करपावी तशी धुरत होती.

“सफिया लहान असताना,” चाचा मध्येच म्हणाले, “वल्ह्याला हात लावू द्यायचो नाय मी तिला. म्हणायचो, पोरीच्या हाताला घट्टे पडतील. ती रडायची.” मग त्यांनी कथलाकडे वाकून बघितलं. “किती झाले?”

“अठरा.”

“तिला आता ऐकू येत असेल ना रे? इंजिन बंद पडलेलं?”

“येत असेल.”

“मग तिला कळत असेल. मिस्त्रीची पोर आहे.”

बाविसाव्या मिनिटाला वाऱ्याचा झोत आला, शेगडीची ज्योत परातीच्या कडेवरून आत वळली आणि डावीकडच्या वाटीने भपकन पेट घेतला. हातभर उंच ज्वाळा. मी मागे पडलो. चाचांनी शेजारचं झाकण उचललं आणि आगीवर दाबलं. उरलेल्या दोन वाट्या शांत होत्या.

चाचांनी झाकण काढलं. तळाशी काळपट, डिंकासारखं काहीतरी उरलं होतं.

“हे तू दोन दिवस माझ्या पोरीच्या नावाने आत ओततोयस,” ते म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

अर्धा तास झाला तसं गॅस बंद केला, वाट्या निवू दिल्या आणि काट्यावर ठेवल्या. चाचांचं तेल चाळिसावरून पस्तीस ग्रॅमवर आलं होतं. मोटारीचं अडतीस ग्रॅम होतं. मी काटा शून्य करून परत तोललं. अडतीस.

चाचा त्या आकड्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षांचं ज्यावर पोट होतं ते तेल त्यांच्या समोर हरलं होतं.

“मोटारीचं भर,” ते म्हणाले. “कमी पडेल ते वरून माझं घालू.”

इंजिन कुणी उघडायचं यावर बोलणं झालंच नाही. माझ्याहून त्यांचा हात जलद होता, आणि मॅडमनी वेळ दिला होता तो बारा मिनिटांचा. तरी मी म्हणालो, “तुम्ही सफियाजवळ थांबा चाचा, मी करतो.”

“नको. तिच्याजवळ मला उभं राहवणार नाय. तू जा आत. इथे मी बघतो.”

वॉर्डात सिस्टर पावसकर खुर्चीत बसल्या होत्या. पन्नास तास त्या जाग्या होत्या. सकाळी पिशवी दाबून त्यांच्या बोटांना गोळे आले होते आणि ते सुटत नव्हते.

“जयवंत, पिशवी तुम्ही घ्या,” मॅडम म्हणाल्या. “मला नळीतला कफ ओढायचाय आणि इंजेक्शनं भरायचीत. सोपं आहे. दाबा, सोडा, मनात तीन मोजा, परत दाबा. त्यापलीकडे काही करायचं नाही.”

सफियाच्या डोळ्यांवर ओल्या कापसाच्या पट्ट्या होत्या. चेहरा मेणाचा असावा तसा. बोटाला लावलेल्या छोट्या यंत्रावर चौऱ्याण्णव दिसत होतं. मी पिशवी नळीला जोडली आणि खिडकीतून हात केला.

इंजिन थांबलं. किती शांतता झाली ते सांगता येत नाही. वॉर्डाबाहेर लांब कुठेतरी माणसं झाड तोडत होती, तेवढाच आवाज.

दाबा, सोडा, एक, दोन, तीन. तिची छाती वर यायची, खाली जायची. भिंतीपलीकडे पाना बोल्टवरून सटकल्याचा आवाज आला, मग चाचांचा कण्हल्यासारखा स्वर, मग जुनं तेल बादलीत पडायला लागलं. चौऱ्याण्णव. त्र्याण्णव. मॅडमनी पायाने पंप दाबत कफ ओढला. एक्याण्णव. सहाव्या मिनिटाला सत्त्याऐंशी.

“छान करताय,” मॅडम म्हणाल्या आणि इंजेक्शन भरायला कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळल्या. त्यांची पाठ आमच्याकडे होती. सिस्टरचे डोळे मिटले होते.

मी आणि ती, दोघंच होतो. आणि तिला ऐकू येत होतं.

“सफिया,” मी हळूच म्हणालो, “मी जयवंत. जनरेटरवाला. तुला एक सांगायचंय.”

ते का सांगावंसं वाटलं हे मी नंतर हजारदा स्वतःला विचारलंय. तेव्हा वाटलं, आता नाही सांगितलं तर ही जाईल आणि मग सांगायला कुणी उरणार नाही.

“ते दोन कागद मी वाचले होते. मॅडमना खोटं बोललो मी. एका कागदावर इंग्रजीत एक ओळ होती, समोर आकडा होता, साडेसहा टक्के. दुसऱ्या कागदावर तीच ओळ होती पण समोरची जागा कोरी. मला त्या ओळीचा अर्थ कळला नाही. मॅडम समोर बसलेल्या. मी आयटीआय पास झालेला माणूस, मला इंजिनातलं सगळं कळतं असं त्या सगळ्यांना सांगायच्या. मला कळत नाही असं म्हणायची लाज वाटली. मी म्हणालो, दोन्ही सारखीच आहेत, हे कोरीवालं घेऊ, याचा डबा मजबूत दिसतोय. डबा, सफिया! मग दोन महिन्यांनी मी मोबाइलवर शोधलं. तेल किती उडतं त्याचाच तो आकडा होता. ज्यांनी मोजलंच नव्हतं किंवा लपवलं होतं त्यांचं मी घेतलं होतं. तेव्हा सांगता आलं असतं. वर्ष होतं माझ्याकडे. पण सांगायचं तर मला कळलं नव्हतं हेही सांगावं लागलं असतं. म्हटलं, तासभर तर चालतं रोज, काय होणार आहे. तुझे अब्बा बाहेर माझी चूक निस्तरतायत आणि त्यांना वाटतंय की—”

“जयवंत!”

मॅडम धावत आल्या. यंत्रावर अठ्ठावन्न होतं. तिचे ओठ शाईसारखे झाले होते. त्यांनी माझ्या हातातून पिशवी हिसकावून घेतली आणि दोन्ही हातांनी दाबायला लागल्या.

“काय झालं? नळी अडकली का?”

“माहीत नाही मॅडम. अचानकच.”

“चल, सफिया. चल बाळा. श्वास येतोय, घे. घे.”

छप्पन्न. छप्पन्न. मी भिंतीवर मूठ आपटली. “चाचा! चाचा, लवकर!” पलीकडून उत्तर आलं नाही, फक्त नरसाळ्यातून तेल उतरल्याचा गुळगुळ आवाज. मग खटका. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. परत खटका. मी त्या वेळी कुठल्या देवाचं नाव घेतलं ते आठवत नाही. तिसऱ्या खटक्याला इंजिन लागलं, दिवे लुकलुकले आणि व्हेंटिलेटरने शिट्टी मारली. मॅडमनी नळी जोडली. एकसष्ट. अडुसष्ट. त्र्याहत्तर. मॅडम खाटेची कड धरून वाकून उभ्या राहिल्या, आणि मी खाली फरशीवर बसलो.

चाचा दारात आले. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे, उजवं मनगट उकळत्या तेलाने भाजून सोललेलं.

“आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे,” मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर इंजिन शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चाललं. दर तासाला मी त्याच्या श्वासनळीसमोर हात धरायचो. तेल खाली उतरत होतं, पण हळू. एकदाच, शुक्रवारी सकाळी, थांबवून दीड लिटर घालावं लागलं आणि ते चाचांनी चार मिनिटांत केलं. त्या दिवशी दुपारी सफियाच्या उजव्या पायाचा अंगठा हलला. पाचला ॲम्ब्युलन्स आली.

ती पूर्ण बरी झाली, मॅडम म्हणाल्या होत्या तशी. मी मॅडमना कागदांचं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्या ओळीचा अर्थ मलाही माहीत नव्हता, जयवंत. म्हणून तर तुम्हाला दिले.” तेल बदललं. मी नोकरीवर राहिलो.

महिनाभराने सफिया तपासणीला आली. आवाज अजून घोगरा होता. मॅडमना भेटून झाल्यावर ती जनरेटरच्या खोलीकडे आली, एकटीच. मी उठून उभा राहिलो.

“जयवंतदादा, तुम्ही बोललात ते मी सगळं ऐकलं.”

“मला ठाऊक आहे,” मी म्हणालो. “मी मॅडमनाही सांगितलंय. चाचांना सांगायचं राहिलंय, ते मी—”

“तेलाचं ना? ते मीच सांगितलं अब्बांना. ते म्हणाले, माणूस आहे, चुकतो.” तिने दार अर्धं लोटलं. “मी त्याच्यासाठी नाही आले.”

मी तिच्यासाठी स्टूल पुढे केलं, ती बसली नाही.

“तुम्ही बोलत होता ना, तेव्हा मध्येच दाबायचं थांबायचात. बोलण्याच्या भरात हात थांबायचे तुमचे. पहिल्यांदा मी वीसपर्यंत मोजलं, मग श्वास आला. दुसऱ्यांदा एकतीस. तिसऱ्यांदा मोजणं सुटलं. मी आतून ओरडत होते, दादा, दाबा, दाबा. तुम्ही डब्याचं सांगत होता.”

माझे हात कुठे ठेवावेत ते मला कळेना.

“मला तुमच्या तेलाचं काय करायचं होतं?” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच न कळल्यासारखं ती विचारत होती. “मला हवा पाहिजे होती.”

बोलण्यासारखं काही असतं तरी मी बोललो नसतो.

“हे अब्बांना सांगू नका,” ती जाताना म्हणाली. “त्यांना वाटतं, ते तेल भरत होते तोवर तुमच्या हातांनी मला जिवंत ठेवलं. त्यांना तसंच वाटू दे.”

याला आता अकरा वर्षं झाली. सफिया लग्न होऊन दापोलीला असते, तिला दोन मुलं आहेत. चाचा थकलेत, इंजिनांना हात लावत नाहीत. पण दर ईदला ते काठी टेकत माझ्या दारात येतात, शीरखुर्म्याचा डबा बायकोकडे देतात आणि खुर्चीत बसून माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतात. बराच वेळ धरून ठेवतात.

मी हात सोडवून घेत नाही.